उन्हाळी सुट्टीतला पोषण आहार: पंगतीतली ताटं मोजा

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकांचा प्रश्न आहे. शाळा पहिली ते पाचवी, पट ८०, शिक्षक दोन, स्वयंपाकी ताई दोन. तालुक्यात दुष्काळ जाहीर झालाय आणि उन्हाळी सुट्टीतही आहार चालू ठेवा असा आदेश हातात पडलाय. गावाला पाणी टँकरचं. त्या विचारतात: सुट्टीत मुलं निम्मीच येतील, मग नोंद कशी करायची? त्यापेक्षा कोरडा शिधा वाटून मोकळं होता येणार नाही का? आणि एरवीही महिनाअखेरीला तांदूळ आणि तेल रजिस्टरशी जुळत नाही, ते का?

मॅडम, तालुका पातळीवर शालेय पोषण आहाराचं काम मी बरीच वर्षं पाहिलं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. रोज किती मुलं प्रत्यक्ष जेवली, हा आकडा खरा असेल तर बाकी सगळं सांभाळता येतं. तो खोटा असेल तर साठा, पैसा, तपासणी यांतलं काहीच शेवटपर्यंत सरळ राहत नाही.

आधी शिध्याचं बोलू, कारण हा विचार दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मांडतंच. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतंच. महिन्याला ८० टक्के हजेरी असेल तर मुलामागे तीन किलो धान्य घरी जायचं. घरात ते सगळ्यांच्या पिठात, सगळ्यांच्या भातात मिसळायचं. त्यात गैर काही नाही, उपाशी घरात धान्याला नाव लावून कुणी ठेवत नाही. पण ज्या मुलासाठी ते आलं त्याच्या वाट्याला किती गेलं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात शिजवलेलं जेवणच द्या, किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असलेलं, वर्षातून किमान २०० दिवस, असा आदेश दिला. पुढे २० एप्रिल २००४ च्या आदेशात दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं असं सांगितलं. तुमच्या हातातल्या पत्राचं मूळ तिथे आहे, म्हणून शिधा वाटून मोकळं होता येणार नाही. आपल्याकडे ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथल्या शाळांनाही असाच आदेश आला होता.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात मोफत जेवणाचा हक्क शाळेच्या सुट्ट्या सोडून आहे. २०१५ च्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण झालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो, आणि सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर जबाबदारी निश्चित होते. हे सगळं शाळेच्या कामकाजाच्या दिवसांना धरून आहे. सुट्टीतला आहार दुष्काळाच्या आदेशावर उभा आहे. म्हणून पत्र बारकाईने वाचा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, स्वयंपाकी ताईंच्या मानधनाचं काय, भाजीपाला आणि इंधनाचं अनुदान मिळणार का, शिक्षकांनी कोणाच्या आदेशाने थांबायचं, यांतलं जे पत्रात नसेल ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना आजच लेखी विचारा. मानधनाचं तर नक्की विचारा, कारण केंद्राच्या निकषात ते वर्षातले दहा महिनेच धरलेलं असतं. महिना अडीच हजारांवर राबणाऱ्या बाईला मे महिन्यात चुलीपुढे उभं करायचं आणि मानधनाचं नंतर बघू म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही.

आता आकड्याकडे येतो.

सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे ८० पैकी समजा ४३ मुलं आली. निकष प्राथमिकला मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. म्हणजे त्या दिवशी तांदूळ ४ किलो ३०० ग्रॅम, डाळ ८६० ग्रॅम, भाजी सव्वादोन किलोच्या आत, तेल २१५ ग्रॅम. आता पट ८० म्हणून ८० लिहिले तर कागदावर ८ किलो तांदूळ गेला आणि कोठीत ३ किलो ७०० ग्रॅम उरला. पस्तीस दिवस असंच चाललं तर अडीच पोत्यांहून जास्त तांदूळ कोठीत आहे पण रजिस्टरात नाही, अशी गत होते. त्या तांदळाचं करायचं काय? तो परत दाखवता येत नाही, वापरता येत नाही. मग तो कुठेतरी जातोच. प्रामाणिक मुख्याध्यापक अशा तांदळामुळेच अडचणीत येतात. चोरी करायची म्हणून कुणी ८० लिहीत नाही. बहुतेकजण ८० लिहितात ते भीतीपोटी, की कमी आकडा दिसला तर वरून फोन येईल, “तुमच्याकडे मुलं का येत नाहीत?” फोन येऊ द्या. ४३ चं उत्तर देता येतं, ८० चं देता येत नाही.

मोजणी पंगत बसल्यावर करा. सकाळी फळ्यावर लिहिलेली हजेरी आणि पंगतीतली ताटं यांत फरक पडतो. कुणी डबा आणलेला असतो, कुणाचं पोट दुखत असतं, कुणी भावंडाला घेऊन घरी गेलेलं असतं. पंगत बसली की एका टोकापासून मोजत जा, आकडा तिथेच वहीत लिहा, आणि सुट्टीच्या काळात त्या पानावर त्या दिवशी हजर असलेल्या एका पालकाची सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा. रोजचा आकडा ज्या ऑनलाइन पोर्टलवर भरतो तिथे सुट्टी टाकलेली असल्यामुळे दिवस उघडत नसेल तर अंदाजाने मागून भरायला ठेवू नका. वहीत तारीखवार लिहा आणि दिवस उघडून मिळावा म्हणून तालुक्याला पत्र द्या.

तुम्ही विचारलंत, एरवी तांदूळ-तेल का जुळत नाही. मी पाहिलेल्या शाळांत कारणं बहुतेक हीच निघायची.

पहिलं कारण माप. ताई तांदूळ डब्याने किंवा ग्लासाने घेतात, आणि तेच व्यवहार्य आहे, रोज काटा कोण काढणार. पण तो डबा एकदा तरी काट्यावर चढला पाहिजे. सपाट भरून त्यात तांदूळ किती मावतो, तूरडाळ किती, मूग किती, हे वेगवेगळं तोला, कारण एकाच डब्यात ते सारखं भरत नाही. वजन डब्यावरच रंगाने लिहून ठेवा. शीग लावून भरायचं नाही, हे ताईंना समजावून सांगा. एकेका डब्यामागे मूठभर शीग दिसायला किरकोळ वाटते, पण महिनाअखेरीला तीच कित्येक किलोंची तूट होते.

दुसरं कारण तेल. पुरवठादाराकडून पिशव्या येतात लिटरमध्ये आणि आपला निकष आहे ग्रॅममध्ये. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पिशवीवर छापलेलंच असतं. रजिस्टरात कुणी लिटरला हजार ग्रॅम धरलं की १२ लिटरमागे किलोभराहून जास्त तेल कागदावर उरतं आणि बरणीत नसतं. मग ताईंवर संशय. कितीतरी ठिकाणी या एका गोष्टीवरून बिचाऱ्या बायकांना बोल लागलेले मी पाहिलेत.

तिसरं कारण पोतं. पन्नास किलोचं म्हणून उतरतं ते पन्नास भरतंच असं नाही, आणि रिकामं बारदान स्वतःच अर्ध्या किलोच्या वर जातं. गाडी उभी असतानाच तोला, जे वजन भरेल तेच चलनावर लिहा आणि मग सही करा. ड्रायव्हर घाई करतो, पुढे चार शाळा आहेत म्हणतो. त्याला चहा द्या, पण तोलल्याशिवाय सही देऊ नका. फाटकं पोतं, ओलसर पोतं, वास येणारी डाळ तिथेच परत करा आणि तसं चलनावर लिहा. रिकामी बारदानंही मोजून ठेवा, त्यांचाही हिशेब मागतात.

तांदूळ कधी पोषणमूल्यं वाढवलेला येतो. शंभर किलोला एक किलो या प्रमाणात त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ असलेले तयार दाणे मिसळलेले असतात. ते थोडे वेगळे दिसतात, धुताना कधी वर तरंगतात, आणि मग गावात प्लास्टिकचा तांदूळ आला म्हणून बोभाटा होतो. ताई ते दाणे वेचून टाकतात. असं होऊ देऊ नका, ज्यासाठी हा तांदूळ देतात तेच त्या दाण्यांत असतं. एक मूठ तांदूळ पालकसभेत ताटात पसरून दाखवा, चार बायकांनी हातात घेऊन पाहिला की शंका मिटते. धुणं एकदोन पाण्यातच उरका आणि भाताचं पाणी ओतून देऊ नका.

आता उन्हाळ्याचं म्हणून जे वेगळं आहे ते.

वेळ सकाळची ठेवा. साडेआठ-नऊला पंगत बसली पाहिजे. दुपारी एकला बेचाळीस अंशांच्या उन्हात सहा वर्षांचं पोर वस्तीवरून चालत येणार नाही, आणि आलं तर आपण त्याला त्रास दिल्यासारखंच आहे. सकाळचं दुसरं कारण अन्न नासण्याचं. तांदळात असे जिवाणू असतात की ज्यांची बीजं उकळूनही मरत नाहीत. भात कोमट होऊन तसाच राहिला की ती जागी होतात आणि उलट्यांचा त्रास देतात. भात पुन्हा गरम केला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. त्यामुळे खिचडी चुलीवरून उतरली की लगेच वाढायची, उरलेली दुपारसाठी ठेवायची नाही, घरी डब्यात द्यायची नाही. पातेलं जाड बुडाचं, झाकण घट्ट. मोड आलेली मटकी हिवाळ्यात उत्तम, पण मे महिन्यात रात्रभर फडक्यात बांधलेली मटकी सकाळपर्यंत आंबूस होते. उन्हाळ्यात नुसती भिजवा आणि पूर्ण शिजवा.

भाजीची अडचण येणार हे गृहीत धरा. दुष्काळात आठवडी बाजारात पालेभाजी महाग आणि सुकलेली. लाल भोपळा टिकतो, दुधी दोन दिवस राहतो, कांदा-टोमॅटो असतोच. गावात शेवगा असेल तर त्याचा पाला बारीक चिरून डाळीत घाला, कमी पाण्यावरही ते झाड पाला देतं. १ मे २०२५ पासून प्राथमिकसाठी साहित्याचा दर दिवसाला मुलामागे ६ रुपये ७८ पैसे ठरला, त्यातला पुरवठादाराच्या मालाचा भाग वजा जाऊन तुमच्या हाती येतो तो भाजीपाला आणि इंधनापुरता. एवढ्यात रोज वेगळी भाजी होणार नाही, हे मान्य करा. तिथीभोजन, म्हणजे गावातल्या कुणी शुभप्रसंगी मुलांना दिलेलं खाणं, इथे खरंच कामाला येतं. लग्नसराई असते, लोक द्यायला तयार असतात. मात्र लग्नातलं उरलेलं अन्न घेऊ नका, कितीही चांगल्या मनाने कुणी दिलं तरी. त्यांना सांगा, पाच किलो गूळ-शेंगदाणे द्या, केळी द्या, अंडी द्या.

पाणी. शिजवणं, धुणं, हात-ताटं, पिणं मिळून मुलामागे तीन-चार लिटर धरा, म्हणजे ४३ मुलांना दीडशे लिटरच्या आसपास. ग्रामसेवकांना पत्र देऊन शाळेची टाकी टँकरच्या यादीत घाला. टँकरचं पाणी उतरल्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून निदान अर्धा तास थांबा, पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट करायला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक येतो, त्याला रोज नाही तरी एक दिवसाआड बोलवा. ताट मुलांनी घरून आणावं, म्हणजे धुण्याचं पाणी वाचतं.

जेवण शाळेतच ठेवा. सुट्टीत कुणीतरी सुचवतं की शाळा लांब पडते, देवळाच्या सभामंडपात किंवा अमक्यांच्या वाड्यात करू. देवळात कोण सहज जातं आणि कोण दाराशी थांबतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. शाळेच्या ओसरीवर यायला कोणत्याच वस्तीतल्या पोराला परवानगी लागत नाही. २००४ च्या त्याच आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असं म्हटलंय, त्यामागेही हाच विचार होता. पंगत एकच, बसतील तशी.

मुलं निम्मीच येतील असं तुम्ही म्हणता, त्यावर मला थोडं वेगळं सांगायचंय. तुमच्या भागातून ऊसतोडीला कुटुंबं जात असतील तर ती दिवाळीनंतर गेलेली मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. म्हणजे जी मुलं दिवाळीपासून तुमच्या हजेरीत गैरहजर होती, ती नेमकी उन्हाळ्यात गावात असतात, आणि बहुतेक सगळ्यांत हडकुळी तीच असतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की शाळेत जेवण चालू आहे. सुट्टी लागायच्या आधी दोघी ताईंना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईला घेऊन वस्तीवर एक चक्कर मारा, घरटी सांगा. दवंडीचा भोंगा असेल तर तोही वापरा. माझा अनुभव असा की शिक्षकाने सांगितल्यापेक्षा स्वयंपाक करणाऱ्या ताईने “उद्यापासून पाठव गं पोराला” म्हटलं की जास्त मुलं येतात.

दुसऱ्या शाळेच्या पटावरचं मूल मामाच्या गावाला म्हणून तुमच्याकडे आलं तर त्याचं नाव आणि शाळा वेगळ्या पानावर लिहा आणि केंद्रप्रमुखांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. सहा वर्षांखालचं भावंड बरोबर येतं, ते येणारच, कारण थोरली बहीण त्याला कडेवर घेऊनच दिवस काढते. त्याचा आहार अंगणवाडीतून आहे, तेव्हा सेविकाताईंशी बोलून वेळ जुळवा. पण पंगतीत येऊन बसलेल्या तीन वर्षांच्या लेकराला उठवू नका, आणि आकडा भरायला त्याला पहिलीतलाही करू नका. बहिणीच्या ताटातलं ते खाईल, तिला थोडं जास्त वाढा.

आता सुरक्षिततेचं, आणि यात मी कडक आहे. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाबद्दल स्वयंपाक करणाऱ्या बाईने शंका काढली होती, पण तिचं ऐकलं गेलं नाही, असं तेव्हा पुढे आलं. म्हणून तुमच्या शाळेत पहिला नियम हा करा: ताईला वास, रंग, चव यांतलं काहीही खटकलं तर ती चूल बंद करू शकते, कुणाला विचारायची गरज नाही, आणि त्या दिवशी जेवण झालं नाही म्हणून तिला कुणी बोलणार नाही. हे पालकसभेत सगळ्यांसमोर जाहीर करा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा शाळेच्या आवारात कोणत्याही कामासाठी नको, पाण्यालाही नको, झाडू-फिनाईललाही नको. उन्हाळ्यात तांदळाला सोंडे होतात, तेव्हा पावडर मारायचा मोह होतो. मारू नका. पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर ठेवा, जुनं पोतं आधी उघडा, किडका तांदूळ चाळून, निवडून, सावलीत पसरा.

चव शिक्षकाने, ताईने आणि एका पालकाने, वाढायच्या आधी. चव रजिस्टरात आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम होतात, हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक असेल. सुट्टीत तसं होऊ देऊ नका. एक वाटी नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात तारीख लिहून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर आणि गावात हमखास असणाऱ्या एका गाडीवाल्याचा नंबर स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण मे महिन्यात नेहमीची माणसं बाहेरगावी असतात.

तुम्ही दोघंच शिक्षक आहात, तर आठवडा वाटून घ्या, पण आदेश लेखी घेऊनच. सुट्टीत काम केल्याबद्दल अर्जित रजेची तरतूद आहे, तोंडी आदेशावर ती मिळत नाही. कोठीच्या किल्ल्या दोन ठेवा, एक थांबणाऱ्या शिक्षकाकडे आणि एक समितीच्या अध्यक्षांकडे. ताईंकडे रोजचं साहित्य मोजून काढून द्या, अख्ख्या कोठीची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घालू नका.

मे महिन्याची मागणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा, पटावर नाही, मागच्या वर्षी सुट्टीत किती मुलं येत होती त्यावर, आणि तशी नोंद नसेल तर पटाच्या दोन तृतीयांशावर. कमी पडलं तर जवळच्या शाळेकडून केंद्रप्रमुखांच्या पत्राने उसना घेता येतो. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी समितीच्या दोन सदस्यांसमोर उरलेलं सगळं तोलून, तूट किंवा वाढ जी असेल ती कारणासह लिहून सही घ्या आणि तोच आकडा जूनची आरंभीची शिल्लक म्हणून टाका. तीन-चार किलोंची तूट स्पष्ट लिहिलेली असेल तर त्यावर कुणी कारवाई करत नाही. तपासणीला आलेला माणूस शंका घेतो ती ग्रॅमपर्यंत जुळणाऱ्या रजिस्टरावर.